ऋणनिर्देशातली दोन नावं

विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर दर सहा महिन्यांनी कामाची प्रगती सांगावी लागते. माझ्या वेळी सदस्य बदलत, खोली बदले, पण प्रश्न एकच यायचा. याचा आपल्या भागाशी काय संबंध?

प्रश्न गैर नव्हता. मी भंडाऱ्यात राहत होते, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते आणि जपानी लोकश्रद्धेवर मराठीत प्रबंध लिहीत होते. त्याआधी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. तिथे असताना संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकले, मग नोकरी सोडली, एका शिष्यवृत्तीवर काही महिने जपानमध्ये राहून आले.

विषय होता जन्माआधी किंवा जन्मताच गेलेली मुलं. जपानमध्ये अशा मुलांसाठी देवळाच्या आवारात जिझो या देवतेच्या लहान दगडी मूर्ती बसवतात. मूर्तीच्या गळ्यात लाळेरं बांधलेलं असतं, बहुधा लाल. जुनी समजूत अशी की ही मुलं पलीकडच्या एका कोरड्या नदीकाठावर अडकून पडतात. आईबापांसाठी गोट्यांचे ढीग रचतात. ढीग मोडले जातात, ती पुन्हा रचतात. जिझो त्यांना आपल्या वस्त्रात लपवून घेतो. भाविक मूर्तीपाशी गोटे रचून ठेवतात, मुलाचं तेवढं काम हलकं व्हावं म्हणून.

"एक प्रकरण इकडचं टाक," मार्गदर्शक सर म्हणाले. ते नागपूरला असत आणि त्यांच्या निवृत्तीला फार अवधी नव्हता. "अशा मुलांचं आपल्याकडे काय करतात ते लिही. बायकांशी बोल. जिल्ह्याची हद्द धर, गोंदियाकडे जाऊ नको. तो आता वेगळा जिल्हा आहे, त्यावरून समिती उगाच फाटे फोडेल."

मी विचारत फिरले. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला एका ओळखीच्या घरी गेले. तिथल्या वयस्क बाई म्हणाल्या, "जे झालंच नाई त्याचं काय सांगाचं, बाई?" ते वाक्य मी जसंच्या तसं टिपून घेतलं. त्या घरी तेवढंच मिळालं. जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एका बाईंनी चहा केला, मुलाच्या दहावीबद्दल सविस्तर बोलल्या आणि विषय निघताच कारखान्याची बस यायची वेळ झाली म्हणून उठल्या. बसला अजून बराच वेळ होता. बातमीदारीत असं झालं की दुसऱ्या दारी जायचं असतं. इथे प्रत्येक दारी हेच होत होतं.

घरी आम्ही तिघं. मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणते, वहिनी आणि मी. वडिलांच्या काळी मागच्या खोलीत हातमाग चालायचे. आता एकच उभा होता आणि दादा बाजारात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं दुकान चालवत होता. वहिनी लाखनीपलीकडच्या एका गावची, धानाची शेती असलेल्या घरातली. दादा-वहिनीला मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा मी नागपूरला डेस्कवर होते. दोन्ही वेळा आईनं फोनवर सांगितलं, वहिनीची तब्येत बिघडली होती, आता बरी आहे. घरात पुढे त्या गोष्टीला तब्येत हाच शब्द राहिला. आई गेल्यावरही.

एका दुपारी मी संगणकावर जपानमधले फोटो लावत होते. शेजारी वहिनी दुकानातून आलेल्या साड्यांच्या घड्या मोडून नव्या घालत होती. कोशाची साडी फार दिवस एकाच घडीवर ठेवली तर घडीवर चिरते, त्यामुळे हे काम घरात अधूनमधून चालूच असे. एका जिझोच्या फोटोशी तिचे हात थांबले.

"ह्याच्या गळ्यात काय लिहिलं आहे?"

"नाव."

"देवाचं?"

"मुलाचं. आईनं ठेवलेलं."

"जन्मलंच नाई त्याले नाव?"

काही जण ठेवतात, सगळे नाही, असं मी सांगितलं. मग अभ्यासकाच्या सवयीनं पुढचंही सांगितलं. हा विधी आजच्या रूपात फार जुना नाही. काही देवळांनी त्याचा धंदा केला अशी टीका होते. बायकांच्या मनातल्या भीतीवर तो चालतो, असंही काहींनी लिहिलं आहे.

"जुना असता तर जास्त पावला असता काय?" वहिनी म्हणाली आणि पुढची साडी घेतली.

त्यानंतर काही दिवसांनी ती सूप घेऊन तांदूळ निवडायला माझ्या खोलीत बसली. एरवी ती हे काम मागच्या ओसरीत करायची. नणंद म्हणून ती मला बाई म्हणायची.

"बाई, तुमाले बोलाले कोणी भेटून नाई राहिलं ना?"

"नाही."

"मंग ते रेकॉर्डिंगचं यंत्र लावा. एकदाच सांगीन. मंग परत विचारू नका."

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या वेळी पाचवा महिना होता, मुलगी होती. दुसऱ्या वेळी दिवस भरले होते, मुलगा होता, पण रडला नाही. दोन्ही वेळा दादानं मागावरच्या नव्या कापडाचा तुकडा कापला, त्यात गुंडाळलं आणि शेजारच्या दोघांना घेऊन वैनगंगेच्या काठी नेलं. बायका जात नाहीत. पुरल्याची जागा आईला सांगत नाहीत. सांगितली तर ती तिथे जाऊन बसते, असं म्हणतात. घरी आल्यावर पुरुष अंघोळ करतात आणि गोष्ट संपते. सुतक नाही, दिवस नाहीत, श्राद्ध नाही.

"नावं ठेवली होती का?" मी विचारलं. प्रश्नावलीत हा प्रश्न होता.

"ठेवली होती." तिनं दोन्ही सांगितली.

"दादाला माहीत आहेत?"

"ह्यायनं कधी विचारलं नाई."

सुपाच्या कडेला तिनं खडे वेगळे काढले होते. ते मुठीत घेऊन ती उठली. दारातून म्हणाली, "माह्यं नाव लपवा पाहिजे तर. त्याईचं लपवू नका. कुठं तरी लिहिलेलं असू द्या."

सरांना प्रकरणाचा कच्चा मसुदा आवडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते म्हणाले की आता समितीला उत्तर देता येईल. नावांवर मात्र त्यांनी पेन्सिलीनं फुली मारली.

"माहिती देणारीची ओळख उघड होईल असं काही चालत नाही. भंडारा केवढं? दोन नावं टाकलीस की गल्लीतलं पोरगंही घर दाखवेल."

माझा याला विरोध नव्हता. वर्तमानपत्रातही हीच रीत होती. पीडितेचं नाव द्यायचं नाही, द्यायचंच तर बदलून द्यायचं आणि खाली तशी ओळ टाकायची. ही रीत मी वर्षानुवर्षं पाळली होती आणि नव्या मुलांना शिकवलीही होती. मी नावं काढली. त्या जागी 'अपत्य अ' आणि 'अपत्य ब' लिहिलं.

प्रबंध मराठीत असल्यामुळे वहिनीला तो वाचता येत होता, आणि तिनं प्रिंट मागून घेतली. दुसऱ्या दिवशी ती पानं माझ्या टेबलावर ठेवून समोर उभी राहिली.

"हे अपत्य अ कोण?"

"तुमची मुलगी."

"अन् ब तो?"

मी हो म्हटलं.

"गणित मांडून राहिल्या काय, बाई? अ ले ब नं भागा मंग. काही उरते काय पाहा."

मी नियम समजावला. गल्ली ओळखेल, हे सरांचं म्हणणंही सांगितलं.

"गल्ली कशी ओळखन? ती नावं ठाऊक कोणाले आहेत? मले. अन् आता तुमाले."

हे खरं होतं. दोन नावांमुळे कोणाचीच ओळख पटली नसती, कारण ती नावं कोणी कधी ऐकलीच नव्हती. मी फोनवर सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण नियम तुझ्या वहिनीसाठी केलेला नाही. एकदा नावं दिली की समिती विचारेल, बाकीच्यांची का नाहीत? आणि माझ्याकडे आता तेवढा वेळ उरलेला नाही."

मी हे वहिनीला सांगितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मंग माह्यं सगळंच काढा."

तिला तो हक्क होता. पण तिची मुलाखत काढली तर प्रकरणात शहापूरचं एक वाक्य आणि जवाहरनगरचा चहा उरत होता. प्रकरण गेलं की प्रबंध समितीसमोर टिकत नव्हता आणि सर निवृत्त झाले की नवा मार्गदर्शक शोधावा लागणार होता. जपानी संस्कृतीवर मार्गदर्शन करणारं दुसरं कोणी आमच्याकडे नव्हतं. सरही मूळचे मध्ययुगीन इतिहासाचे. केवळ माझ्यासाठी त्यांनी हा विषय पत्करला होता.

त्या रात्री जेवताना वहिनी दादाला म्हणाली, "बाईच्या पुस्तकात नावं टाकाचे आहेत."

"कोणाचे?"

तिनं दोन्ही नावं उच्चारली. दादानं तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. ही कोण, हे त्यानं विचारलं नाही. जेवण पूर्ण केलं, हात धुतला आणि बाहेर गेला.

सकाळी दुकानाची किल्ली घेताना तो मला म्हणाला, "ते काढून टाक."

"वहिनीला हवं आहे, दादा."

"मी काय म्हणून राहिलो? काढून टाक. एवढे वर्ष कोणी बोललं नाई तं चाललं ना घर? आता छापून कायले आणतं?"

संध्याकाळी त्यानं दुकान लवकर बंद केलं आणि मला स्कूटरवर बस म्हणाला. आम्ही वैनगंगेवरच्या कारधा पुलावर गेलो. जुना, बुटका पूल. पाणी बरंच वर आलेलं. मी शाळेत असताना या पुलावरून खाली वाळू दिसायची, टरबुजाच्या वाड्या दिसायच्या. खाली धरण झालं आणि त्याचं फुगलेलं पाणी शहरापर्यंत येऊन थांबलं. तेव्हापासून वैनगंगा इथे वाहताना फारशी दिसत नाही. भरून असते.

दादानं धरणाच्या बाजूला बोट दाखवलं.

"तिथं बाभळी होत्या. त्याच्या बुडाशी. दोन्ही वेळा."

तिथे फक्त पाणी होतं आणि त्यात एक डोंगा.

"आतापर्यंत तिनं कधी जागा विचारली नाई," तो म्हणाला. "विचाराची पद्धतच नाई. आता पुस्तकात आलं का विचारन. तिले काय सांगू मी? पाण्यात आहेत म्हणून?"

मुलं अडकून पडतात त्या कोरड्या नदीकाठाबद्दल मी जपानी ग्रंथांच्या आधारे पानंच्या पानं लिहिली होती. काठ पाण्याखाली गेला तर काय होतं याबद्दल त्या ग्रंथांत काही नव्हतं.

"तिले सांगू नको," दादा म्हणाला आणि स्कूटर सुरू केली.

प्रबंधाची सुरुवातीची पानं शेवटी लिहितात. शीर्षकपान, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, यांचे मजकूर ठरलेले असतात, एक शब्दही इकडेतिकडे करता येत नाही. एका पानाला मात्र नमुना नसतो. ऋणनिर्देश. त्यात लोक गुरूंचे आभार मानतात, ग्रंथपालांचे, टंकलेखकाचे, आईवडिलांचे, सासूसासऱ्यांचे आणि घरातल्या मुलांचे, त्यांच्या वाट्याचा वेळ घेतला म्हणून. त्या पानाला तळटीप लागत नाही. समिती ते वाचत नाही. सर म्हणायचे, "ऋणनिर्देश तुझा. त्यात मी हात घालत नाही."

मी प्रकरणात अ आणि ब ठेवले. ऋणनिर्देशात शेवटच्या परिच्छेदात वहिनीच्या नावानंतर त्या दोघांची नावं लिहिली. नातं लिहिलं नाही. दादाचं नाव बरंच वर होतं, महाविद्यालयाच्या ग्रंथपालांच्या आधी.

पान वहिनीला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आता राहू द्या माह्यं ते प्रकरण." मग दादाला दाखवलं. त्यानं ते घडी करून खिशात घातलं आणि दुकानात घेऊन गेला. आता ते परत येणार नाही असं मी धरून चालले. बांधणीला द्यायला दोनच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकानातून फोन केला.

"माह्यं नाव वर काहून आहे? त्या लायब्ररीवाल्याजवळ?"

"मोठा भाऊ म्हणून."

"खाली घे."

"कुठे?"

दुकानात गिऱ्हाईक असावं. मग हळू आवाजात म्हणाला, "त्याईच्या बाजूले."

मी ओळ बदलली. वहिनी, दादा आणि ती दोघं, चार नावं एका ओळीत आली.

बांधलेल्या प्रती आल्या त्या दिवशी रविवार होता, दुकान बंद. दादा मागच्या खोलीत मागाची एक सैल दोरी आवळत होता. वहिनीनं काळ्या रंगाची जाड प्रत मांडीवर घेतली आणि ते पान काढलं. दादाचं नाव हललेलं तिला ठाऊक नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग दाराकडे न पाहता, दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जागा पाण्यात गेली ते ठाऊक आहे मले."

दोरी आवळण्याचा आवाज थांबला.

"कोणी सांगतलं?" दादानं आतून विचारलं. त्यानं उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"सांगाले कोण पाहिजे? सगळ्याईचे लेकरं त्याच काठाले नेते. काठच राहिला नाई. धरण भरलं तवा मी काय आंधळी होती?"

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलले काय?"

दोरी त्याच्या हातातच होती.

"पुलाच्या इकडं का तिकडं, तेवढं सांगा," वहिनी म्हणाली. "वरच्या अंगाले का खालच्या?"

"खालच्या," दादा म्हणाला. "आपल्याच काठाले. बाभळी होत्या ना, तिथं."

"बरं," ती म्हणाली आणि प्रत कपाटात, कोशाच्या ताग्यांवर ठेवून दिली.

त्या दोघांत यावर पुढे काही बोलणं झालं असेल तर माझ्या कानावर आलं नाही. रात्री जेवणं नेहमीसारखी झाली. दादा कमी जेवला.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मृदू होते. त्यांनी भंडाऱ्याच्या प्रकरणाची तारीफ केली. त्यातला निष्कर्ष, म्हणजे 'या भागात अशा मुलांसाठी कोणताही विधी आढळत नाही', हा चांगल्या पुराव्यावर उभा आहे, असं म्हणाले. आपल्या भागाशी संबंध काय, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. सर समाधानी दिसले. चहा आला तेव्हा परीक्षक पानं मागे उलटत ऋणनिर्देशाशी थांबले.

"घरात भाचेकंपनी आहे वाटतं," ते हसून म्हणाले. "मुलांनी काम करू दिलं का?"

मी जे उत्तर दिलं, त्याला बातमीत मी दोन बाजूंनी दुजोरा मागितला असता.

"हो," मी म्हटलं.

पदवी मिळाली. महाविद्यालयात मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. जपानी विचारत आजवर तिथे कोणी आलं नाही. प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ती कोणी काढल्याची माझ्याकडे माहिती नाही. नावं घरात पुन्हा कोणी उच्चारली नाहीत. हे लिहिण्याआधी मी वहिनीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "एका जागी लिहिली ना, पुरे." म्हणून ती इथे नाहीत.

पोळ्याला वहिनी माहेरी जाते. यंदा मी तिच्यासोबत होते. लाखनीची बस स्टँडवर लागली तेव्हा डाव्या बाजूला, सावलीत जागा होती. वहिनी ती सोडून ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीशी, उन्हात जाऊन बसली. मी शेजारी बसले. ती बाजू म्हणजे नदीचं खालचं अंग. बस पुलावर आली. काही बायकांनी नदीला हात जोडले, एकीनं नाणं टाकलं. वहिनीनं यातलं काही केलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि पूल संपेपर्यंत बाहेर पाहिलं. पूल संपल्यावर पदर खाली घेतला आणि म्हणाली, "ऊन फार आहे. चला, तिकडं बसू."

विधी म्हणावा असं त्यात काही नव्हतं. प्रबंधातलं वाक्य मी बदललेलं नाही.